घंटा आणि देऊळ : ग्रामीण कॅथलिक चर्चवास्तूच्या वारसामूल्याचा विचार

नाशिकहून दिंडोरीकडे जाणारा रस्ता पंचवटीतून निघतो. त्याच पंचवटीत, गोदावरीच्या काठी, सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ मध्ये बांधविलेले रामेश्वराचे देवालय आहे. लोक त्याला नारोशंकराचे देऊळ म्हणतात. या देवालयाच्या दर्शनी भागी घंटाघर असून त्यात एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. घंटेची घडण पोर्तुगीज आहे, तिच्यावर १७२१ हे वर्ष आहे, आणि परंपरा तिचा संबंध १७३९ मधील वसईच्या विजयाशी जोडते. वाईजवळच्या मेणवली येथे, नाना फडणिसांच्या वाड्यालगतच्या घाटावर टांगलेल्या घंटेवर १७०७ हे वर्ष असून बाळ येशूसह मरियेची आकृती आहे. भीमाशंकराच्या देवालयासमोरही अशीच एक घंटा आहे. चिमाजी आप्पांच्या मोहिमेनंतर उत्तर कोकणातील चर्चांच्या घंटा घाटावरील देवालयांत गेल्या, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे.

या घंटांच्या वारसामूल्याविषयी कोणी वाद घालीत नाही. त्या कोणत्या धर्माच्या, कोणी ओतविल्या, कोणत्या भाषेत त्यांच्यावर अक्षरे आहेत, हे प्रश्न अभ्यासकाला पडतात. भाविकाला पडत नाहीत. नाशिककर तर पुराची पातळी सांगताना दुतोंड्या मारुतीबरोबर नारोशंकराच्या घंटेचेही नाव घेतात. एका चर्चच्या मनोऱ्यासाठी ओतलेली वस्तू अशा रीतीने गोदावरीच्या पुराचे माप झाली. जागा पालटली, धर्म पालटला, उपयोगही पालटला. तरी वस्तू जिवंत राहिली, आणि या स्थित्यंतरांमुळे तिचे मोल उणावले नाही, उलट वाढले.

मग ज्या वास्तूंतून अशा घंटा आल्या, त्या वास्तूंचे काय? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. घंटेच्या बाबतीत जी उदार दृष्टी सहज बाळगली जाते ती वास्तूच्या बाबतीत टिकत नाही. घंटेने केलेली स्थित्यंतरे तिचा इतिहास ठरतात. वास्तूने केलेली स्थित्यंतरे मात्र तिची हानी ठरतात. नवे छप्पर, नवा गिलावा, पुढे काढलेला सोपा, पालटलेली वेदी, यांपैकी काहीही दिसले की वास्तू मूळची राहिली नाही, असा निर्वाळा देण्यात येतो आणि वारशाच्या यादीतून तिचे नाव गळते. प्रस्तुत विवेचनाचा रोख या निर्वाळ्यावर आहे. ग्रामीण चर्चवास्तूचे वारसामूल्य तिच्या मूळ रूपात शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. ते तिच्या पुनःपुन्हा झालेल्या बांधणीत शोधावे लागते.

दिंडोरीचा परिसर आज ज्या नाशिक धर्मप्रांतात येतो, तो १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. शहरालगतचे शरणपूर हे एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट वसाहतीचे गाव म्हणून प्रसिद्ध असले, तरी तो निराळा प्रवाह आहे. मराठी भाषकांची ग्रामीण कॅथलिक चर्चवास्तू सलगपणे चार शतके पाहावयाची झाल्यास घाट उतरून वसईस जावे लागते. म्हणून येथे प्रथम वसईचा आणि तिच्या शेजारच्या साष्टीचा विचार करून, त्या आधाराने पुन्हा घाटावरील चर्चांकडे वळणे सोयीचे होईल.

वारसामूल्याच्या चर्चेत जी गल्लत नेहमी होते ती दूर करण्यास व्हिएन्नाचे कलेतिहासकार आलॉइस रीगल यांनी १९०३ मध्ये केलेली मूल्यांची फोड आजही उपयोगी पडते. स्मारकाच्या अंगी त्याचे वयोमूल्य असते, इतिहासमूल्य असते, आणि वास्तू वापरात असल्यास उपयोगमूल्यही असते, ही मूल्ये एकमेकांशी झगडतात, आणि सामान्य माणसाला प्रिय असते ते बहुधा नवतेचे मूल्य, असे रीगल यांचे प्रतिपादन आहे. वयोमूल्याला झीज हवी असते. भिंतीवरचे शेवाळ, ढासळलेली कमान, खपली धरलेला दगड हेच त्याचे भांडवल. उपयोगमूल्याला झीज चालत नाही. पावसाळ्यात गळणारे छप्पर कितीही रमणीय असले, तरी त्याखाली उपासना होऊ शकत नाही. रीगल यांच्यासमोर युरोपातील चर्चे होती. पण हा झगडा वसई तालुक्यात जितका उघडपणे पाहावयास मिळतो तितका क्वचितच इतरत्र मिळेल, कारण तेथे दोन्ही प्रकारची चर्चे काही मैलांच्या अंतराने उभी आहेत. किल्ल्याच्या तटाच्या आत मृत चर्चे आहेत, तटाबाहेर वाड्या-गावांत जिवंत चर्चे आहेत.

गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन इत्यादी संघांची चर्चे आणि मठ उभे राहिले. आज त्यांच्या भिंती उभ्या आहेत, छपरे नाहीत. जेझुइटांच्या चर्चची दर्शनी बाजू, तिच्यावरील खोबणीदार स्तंभ आणि मधली कमान यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. हा किल्ला राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तटाबाहेरचे सांडोर, पापडी, नंदाखाल, आगाशी, माणिकपूर हे धर्मग्राम सोळाव्या शतकापासून सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत स्थापन झालेले आहेत. परंतु त्यांची चर्चे त्या संरक्षणाखाली नाहीत. अर्थात् जे चर्च मेले ते स्मारक झाले. जे जगले ते केवळ सार्वजनिक वापराची इमारत राहिले.

हा भेद कायद्याने निर्माण केलेला नाही. तो अभ्यासकांच्या दृष्टीतून कायद्यात आला, आणि त्या दृष्टीचा उगम शोधण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिला जुझे जेर्सन दा कुन्हा यांचा चौल आणि वसई यांच्या इतिहासावरील, १८७६ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ. दा कुन्हा व्यवसायाने वैद्य आणि छंदाने नाणकशास्त्रज्ञ. त्यांची विद्वत्ता निर्विवाद आहे. वसईतील शिलालेखांचे वाचन त्यांनी केले नसते तर त्यांतील काही मजकूर आज कायमचा नाहीसा झाला असता. परंतु त्यांचे मन रमते ते अवशेषांत. गतवैभवाचे स्मरण हा त्यांच्या लेखनाचा स्थायीभाव आहे, आणि गतवैभवाला जिवंत वारसदार असणे अडचणीचे असते. तटाबाहेरचा शेतकरी ख्रिस्ती त्यांच्या ग्रंथात येतो, पण वास्तूचा धनी म्हणून येत नाही.

दुसरा ग्रंथ म्हणजे जेम्स कँबेल यांच्या संपादनाखाली १८८२ मध्ये निघालेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर. तेथे शैली म्हणून काही नाही. गावोगावच्या चर्चची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत दिलेली, उपासकांची संख्या, पाद्रीसाहेबांचे घर चर्चला लागून आहे की नाही, शाळा आहे काय, तिच्यात मुले किती, गायन-वादन शिकविणारा मास्तर आहे काय, अशी माहिती एकामागून एक येते. वाचकाला कंटाळा यावा असे हे लेखन. तरीही वास्तूच्या वारशाची अधिक खरी जाणीव या रूक्ष नोंदींतच आहे, असे म्हणावयास हरकत नाही. चर्च म्हणजे चार भिंती नव्हेत, तर चर्च, पाद्र्याचे घर, शाळा, संगीताचा मास्तर आणि उपासकांचा समुदाय मिळून होणारी एक संस्था आहे, हे कँबेल यांच्या कारकुनांनी नकळत नोंदवून ठेवले. पुढच्या अभ्यासकांनी मात्र मार्ग घेतला तो दा कुन्हांचा. गॅझेटियरमधून त्यांनी शक तेवढे उचलले आणि मास्तर सोडून दिला.

दा कुन्हांच्या दृष्टीचा सर्वांत चिवट अवशेष म्हणजे ‘पोर्तुगीजकालीन’ हे विशेषण. वसई-साष्टीतील कोणत्याही जुन्या चर्चला ते लावण्यात येते. त्यात वास्तूचा गौरव होतो अशीच लावणाराची समजूत असते. वस्तुतः त्याने वास्तूच्या आयुष्याचा निम्म्याहून अधिक भाग पुसला जातो. वसईतील पोर्तुगीज अंमल दोनशे पाच वर्षांचा. त्याच्या अखेरीस आता पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. या उत्तरकाळात चर्चे कोणी राखली? १७३९ च्या तहात ख्रिस्ती रयतेला धर्माचरणाची मोकळीक देण्यात आली होती. युरोपीय पाद्री गेले आणि त्यांच्या जागी एतद्देशीय, बहुतांशी गोमंतकीय, धर्मगुरू आले. आंकतिल द्यु पेरों हा फ्रेंच विद्वान १७६० च्या सुमारास साष्टीतून गेला, तेव्हा मराठी अमलाखाली ख्रिस्ती सण उघडपणे साजरे होताना त्याला आढळले. मठांची जहागीर नाही, राजाचा आश्रय नाही, अशा स्थितीत गावाच्या चर्चचे छप्पर दर काही वर्षांनी शाकारले गेले ते शेतकरी, माळी, कोळी यांच्या वर्गणीने आणि अंगमेहनतीने. त्या वास्तूला पोर्तुगीजकालीन म्हणणे म्हणजे वाड्याचा पाया घालणाऱ्याचे नाव घेऊन पिढ्यान्‌पिढ्या तो राखणाऱ्यांना विसरणे होय.

शिवाय पोर्तुगीज काळातदेखील ‘मूळ’ वास्तू अशी स्थिर कधी नव्हती. किल्ल्यातील सेंट जोसेफ या प्रमुख चर्चची स्थापना १५४६ मधली. पण तेथील शिलालेख सांगतो तो १६०१ मधील पुनर्बांधणीचा. अर्ध्या शतकाहून थोड्याच अधिक काळात पहिली वास्तू अपुरी पडली होती. ज्या वास्तूला आज आपण मूळ म्हणून जपतो तीच कोणा जुन्या वास्तूची जागा घेऊन उभी राहिलेली असते. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराचे उदाहरण याहून टोकाचे आहे. तेथे शैव लेण्याचेच सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी चर्च केले, वर मठ बांधला. मराठी अमलात ते पुन्हा पालटले. आज ते लेणे संरक्षित आहे, आतील नटेश पाहावयास मिळतो, आणि माथ्यावर मठाच्या भिंती आहेत. यांतील मूळ कोणते म्हणावयाचे? कालक्रमाने विचारल्यास उत्तर सोपे आहे, वारशाच्या दृष्टीने विचारल्यास ते सोपे नाही. आणि हे लेणे बळाने घेतलेले होते ही गोष्ट झाकून कोणत्याही वारशाचे गोडवे गाता येणार नाहीत. ग्रामीण चर्चचा अभ्यासक या कटू इतिहासाला बगल देऊ लागला की त्याचे लेखन भाविक पुस्तिकेच्या पातळीवर येते.

आता प्रत्यक्ष वास्तूकडे वळू जाता तिचा ढाचा साधा दिसतो. एकच लांबट दालन, त्याच्या टोकाला कमानीपलीकडे वेदीची खोली. दर्शनी बाजूस त्रिकोणी माथ्याची भिंत, एका किंवा दोन्ही अंगांना मनोरा. दारावर आतल्या बाजूने गायकांचा लाकडी सज्जा. समोर मोकळ्या पटांगणात दगडी क्रूस. शेजारी दफनभूमी आणि पाद्र्याचे घर. ढाचा युरोपातून आला हे उघड आहे. पण त्याची अंगे एकेक करून तपासली म्हणजे कोकणच्या पावसाने आणि कोकणच्या माणसाने त्याला किती वाकविले ते दृष्टोत्पत्तीस येते. दर्शनी दारापुढे काढलेला सोपा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. युरोपीय दर्शनी भिंतीचा सारा डौल तिच्या उघडेपणात असतो. तिच्यापुढे उतरते छप्पर आणणे म्हणजे तो डौल मोडणे. शुद्धतावादी अभ्यासक सोप्याला विद्रूप जोड म्हणतात. परंतु चार महिने झोडपणाऱ्या पावसात छत्र्या मिटावयास, वरात थांबावयास, प्रेत क्षणभर टेकवावयास जागा लागते; ती जागा घराच्या ओटीवरून चर्चच्या दारी आली. सोपा हा त्या वास्तूचा सर्वांत मराठी भाग आहे.

छपराची गोष्ट अशीच बोधप्रद आहे. या चर्चांवर दिसणारी चपटी, खाचांची मंगलोरी कौले पाहून पर्यटकाला ती पोर्तुगीज वाटतात. मंगलोरच्या कौलांचा उद्योग सुरू झाला तो १८६० नंतरच्या दशकात. बाझल मिशनचा तेथील कारखाना १८६५ मधला. तेव्हा अशा कौलांचे छप्पर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या भागापलीकडे जाऊच शकत नाही. त्यापूर्वी तेथे नळीची कौले असणार, आणि त्याखालच्या लाकडी सांगाड्याचा उतारही निराळा असणार. अभ्यासकाने भिंतीच्या माथ्यावर जुन्या उताराच्या खुणा शोधाव्यात. एका जर्मन-स्विस प्रॉटेस्टंट मिशनच्या धंद्यातून प्रसिद्ध झालेले कौल कॅथलिक चर्चवर चढले, हिंदू शेतकऱ्याच्या घरावर चढले, आणि आज ते कोकणच्या परंपरेचे चिन्ह मानले जाते. वारसा असाच घडत असतो. त्याला जुने होण्यास फार काळ लागत नाही.

मुंबई-साष्टी परिसरात काही ठिकाणी थोड्या अंतरावर दोन-दोन कॅथलिक चर्चे आढळतात, याचे नवख्यास आश्चर्य वाटते. त्याचे कारण श्रद्धेचे नसून अधिकाराचे आहे. पोर्तुगालच्या राजाच्या धर्माश्रयाखालील गोव्याचे पीठ आणि रोमने थेट नेमलेले अधिकारी यांच्यातील कलह अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चालला आणि दुहेरी अंमल १९२८ मध्ये संपुष्टात आला. तो वाद कागदोपत्री मिटला; दगडांत राहिला.

वास्तूच्या अंतरंगातील सर्वांत मोठा पालट मात्र याहूनही अलीकडचा आहे. १९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीची घटना संमत केली. लोकभाषेत उपासना करण्यास वाट मिळाली, आणि पाठोपाठ आलेल्या सूचनांमुळे पाठीमागच्या भिंतीची वेदी पुढे घेऊन धर्मगुरूने लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करण्याचा प्रघात पडला. जुने चर्च बांधलेले होते ते लॅटिन मिस्सेसाठी. लोकांकडे पाठ करून उभा असलेला पुरोहित, त्याच्यापुढे कोरीव, सोनेरी लाकडी मखर, आणि समोर शब्द न कळताही एकाग्र झालेला समुदाय, या चित्राभोवती त्या दालनाचे सारे प्रमाण बेतलेले होते. भाषा पालटताच वास्तूचा कणा पालटला. ऐकू येणे महत्त्वाचे झाले, दिसणे महत्त्वाचे झाले. लांबट दालन गैरसोयीचे वाटू लागले. मखरापुढे पडदा आला, किंवा मखरच गेले.

या पालटात हानी झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. परिषदेच्या त्याच दस्तऐवजात मौल्यवान उपासनावस्तू विकल्या वा विखुरल्या जाऊ नयेत, अशी ताकीद आहे. रोमला १९७१ मध्ये पुन्हा एक परिपत्रक काढून तीच ताकीद द्यावी लागली, यावरून जगभर काय घडत होते त्याची कल्पना येते. पण मराठी अभ्यासकाने या हिशोबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. फादर स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. म्हणजे मराठीला ख्रिस्ती साहित्यात स्थान मिळून साडेतीनशे वर्षे होत आली होती, तरी वेदीवर तिला प्रवेश नव्हता. ती गाण्यांत होती, घरच्या प्रार्थनेत होती, वाटेवरच्या क्रुसापुढे होती. वसईतील ख्रिस्ती समाजाच्या सामवेदी आणि वाडवळी बोली तर क्रुसापर्यंतच पोचल्या. १९६३ नंतर प्रमाण मराठी वेदीपाशी गेली. वसईहून १९५५ पासून निघणारे ‘सुवार्ता’ मासिक, त्याचे अनेक वर्षे संपादक राहिलेले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो, हे सारे त्या पालटाच्या परिसरातील घटित होय. मखर गेले आणि भाषा आली. या देवघेवीत वारसा घटला की वाढला, याचे उत्तर लाकूड मोजणारा एक देईल आणि शब्द मोजणारा दुसरे. दोन्ही मोजमापे एकाच वास्तूची आहेत, एवढे तरी मान्य व्हावे.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. उत्तर कोकणातील जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळ म्हणतात. गोव्यात पोर्तुगीज शब्दावरून आलेला ‘इगर्ज’ रूढ झाला. साष्टी-वसईत देऊळ टिकले. सुशिक्षितांच्या बोलण्यातून तो शब्द मागे पडला असला, तरी त्यात वास्तूची जी कल्पना साठवली आहे ती ‘पोर्तुगीजकालीन चर्च’ या शब्दप्रयोगात नाही. देऊळ गावाचे असते. ते पडले तर गाव पुन्हा बांधतो, आणि नव्या बांधणीने ते नवे देऊळ होत नाही, तेच राहते. जीर्णोद्धाराची ही भारतीय कल्पना आणि स्मारकाची पश्चिमी कल्पना यांत हे चर्च सापडलेले आहे. त्याचा देह एका परंपरेचा आणि धारणा दुसरीची. साष्टी आणि मुंबईच्या गावठाणांत ऑक्टोबरात आगेऱ्याच्या सणाला भाताच्या पहिल्या लोंब्या देवळात आणतात. ज्या गावांत आता शेत उरलेले नाही तेथेही हा सण होतो.

मूळ रूपाच्या हव्यासाने काय होऊ शकते, याचा धडा गोव्याने दिला आहे. जुन्या गोव्यातील बॉं जेझूस बासिलिका १६०५ मध्ये पूर्ण झाली. तिच्या जांभ्या दगडाच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता, आणि तोच तिचे पावसापासूनचे कवच होता. १९५० नंतरच्या काही वर्षांत, पोर्तुगीज राजवटीतच, तो गिलावा उतरविण्यात आला. वास्तू अधिक प्राचीन, अधिक ‘खरी’ दिसावी हा त्यामागील विचार. आज तिचा तांबूस, उघडा दगड हीच तिची ओळख झाली आहे, १९८६ मध्ये गोव्याच्या चर्चांना जागतिक वारशाचे स्थान मिळाले तेही या रूपात. आणि जांभा पावसाने झिजतो आहे. गिलावा पुन्हा चढवावा म्हटले तर लोकांना ती विटंबना वाटते. दर पावसाळ्यानंतर भिंतीला चुना काढणाऱ्या खेड्यातील चर्चसमितीला वास्तुशास्त्र शिकविण्यापूर्वी या घटनेचा विचार केलेला बरा.

दिशा पालटत नाही असे नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूच्या सर्व कालखंडांचे योगदान मानावे असे म्हटले; १९९४ च्या नारा दस्तऐवजाने अस्सलपणा त्या त्या संस्कृतीच्या चौकटीत ठरवावा असे म्हटले; आणि २००४ मध्ये इंटॅक या संस्थेने असंरक्षित वास्तूंसाठी केलेल्या सनदेत जिवंत वारसा आणि पारंपरिक कारागिरांचे ज्ञान यांना मान्यता दिली. कागदावर हे सर्व ठीक आहे. प्रत्यक्षात १९५८ चा केंद्रीय कायदा शंभर वर्षांची अट पाहतो, आणि २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामबंदी व त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण आले. आपले चर्च संरक्षित व्हावे असे कोणत्या धर्मग्रामाला वाटेल? दफनभूमीची भिंत वाढविण्यासही परवानगी मागावी लागेल, या धास्तीने वारशाचे नाव निघताच लोक हात झटकतात.

पुनर्बांधणीची निकड मात्र खरी आहे. वसई-विरार शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत बारा लाखांवर गेली होती. शेदोनशे कुटुंबांसाठी बांधलेल्या दालनात हजारो माणसे मावत नाहीत. नाताळात ती बाहेर उभी राहतात. काँक्रीटचे प्रशस्त चर्च हवे ही मागणी म्हणजे अडाणीपणा असे समजणारे संरक्षणवादी बहुधा स्वतः त्या गर्दीत उभे नसतात. उलट, पुनर्बांधणी ही परंपराच आहे असे म्हणून प्रत्येक पाडकामाला आशीर्वाद देणेही फसवे ठरेल. जुन्या पुनर्बांधणीत एक मर्यादा होती. छप्पर काढले तर भिंत राहत असे, भिंत पाडली तर तिचा दगड पायात जात असे, मखर हलविले तर बाजूच्या कोनाड्यात उभे राहत असे. एक पिढी जेवढे मोडी त्याहून अधिक ती पुढे सोपवी. आजच्या बांधणीत यंत्र दोन दिवसांत सारे सपाट करते आणि राडारोडा खाडीत जातो. १६०१ मधील पुनर्बांधणी आणि आजची पुनर्बांधणी यांत फरक धैर्याचा किंवा भक्तीचा नाही. शिल्लक काय राहते याचा आहे. टीकेचा कस येथे लागावा.

या कसोटीवर घाटावरील चर्चांकडे पाहिले म्हणजे त्यांचे प्रकरण अधिक बिकट आहे असे दिसून येते. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर जर्मन जेझुइटांनी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात आपले काम विस्तारले. राहुरी तालुक्यातील केंदळ आणि वळण, तसेच संगमनेर ही नावे या संदर्भात येतात. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून जर्मन जेझुइटांचे काम खंडित झाले. या टापूतील चर्चे वसईच्या मानाने पोरवयाची. त्यांना किल्ल्याचे सान्निध्य नाही, सोनेरी मखर नाही, शिलालेख वाचावयास दा कुन्हा नाहीत. एकच दालन आठवडाभर शाळा आणि रविवारी चर्च, असा प्रकार मिशनच्या खेड्यांत सर्रास असे. वयोमूल्याच्या मापाने ही वास्तू टिकत नाही, सौंदर्याच्या मापाने तर मुळीच नाही. आणि म्हणूनच ती पाडताना कोणाला काही पाडले असे वाटत नाही.

इतिहासमूल्याच्या मापाने मात्र तिचा अधिकार कित्येक सुंदर वास्तूंहून मोठा ठरेल. या चर्चांत येणारा समाज बहुतांशी गावकुसाबाहेरचा होता. गावच्या देवळात त्याला प्रवेश नव्हता, चावडीवर बसावयास जागा नव्हती, आणि दगडी पायाची, सामाईक मालकीची वास्तू त्याच्या वाट्याला यापूर्वी आलेली नव्हती. धर्मांतर पोटासाठी झाले की श्रद्धेने, हा वाद शंभर वर्षे चालू आहे. वास्तूच्या इतिहासकाराला त्यात न पडताही एक गोष्ट दिसू शकते, की त्या समाजाने बसून ऐकण्याची, पाटीवर लिहिण्याची आणि आपल्या मृतांना नावानिशी पुरण्याची जागा प्रथम येथे मिळविली. वसईचे चर्च ‘देऊळ’ झाले ते गावाने आपले मानल्यामुळे. घाटावरचे चर्च उभे राहिले ते गावाने आपले न मानलेल्यांसाठी. दोन्ही वास्तूंना एकच मोजपट्टी लावणारे सर्वेक्षण दुसरीला नेहमीच शून्य गुण देईल.

सर्वेक्षणाच्या पद्धतीत त्यामुळे बदल हवा. मोजणीचा आरंभ दर्शनी भिंतीपासून न करता कागदांपासून करावा लागेल. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या पाद्र्याच्या कपाटात असतात. त्यांच्या नोंदींची भाषा, अक्षर आणि शाई कोठे पालटते ते पाहिले म्हणजे वास्तूवरील सत्ता कोठे पालटली ते कळते. जुन्या नोंदवहीत नावापुढे येणारा जातीचा उल्लेख कोणत्या वर्षानंतर गळतो, हीदेखील पाहण्यासारखी गोष्ट आहे. त्यानंतर छपरावर चढावे. मंगलोरी कौल उलटे केले म्हणजे त्याच्या पोटावर कारखान्याचे नाव आणि बहुधा गावही उठलेले असते. एकाच छपरावर तीन-चार कारखान्यांची कौले निघाली, तर तितक्या वेळा ते छप्पर उतरले आणि तितक्या वेळा गावात वर्गणी झाली. वर्गणीची वही सापडल्यास तिच्यातील नावे नोंदवहीतील नावांशी ताडून पाहावीत. दर्शनी भिंतीचे छायाचित्र सर्वांत शेवटी घेतले तरी चालेल. घेताना तिच्यापुढचा सोपा चौकटीबाहेर ठेवू नये.